अंगणातील रांगोळी आणि मोबाइलची उभी चौकट

तेरा_ते_सात (सांगली):

सर्वांना नमस्कार. प्रश्न रांगोळीचा आहे, पण चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या किंवा कविता करणाऱ्या कोणालाही तो पडू शकेल असे वाटते, म्हणून जरा सविस्तर मांडते.

आमच्याकडे दारात रोज रांगोळी काढण्याची पद्धत आहे आणि लग्नानंतर हे काम मी आवडीने माझ्याकडे घेतले. सकाळी उंबऱ्यापुढची जागा पुसून तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा, तो वाळेपर्यंत चहा टाकायचा आणि मग ठिपके मांडायला बसायचे, असा माझा क्रम. मधल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या माझ्या विशेष आवडीच्या आहेत. तेरा ते सात म्हणजे मध्ये तेरा ठिपक्यांची ओळ आणि तिच्या दोन्ही अंगांना, मधल्या जागा धरत, बारा, अकरा असे उतरत सातपर्यंत; एकूण १२७ ठिपके. एक ठिपका जरी सरकला तरी शेवटच्या ओळीला सगळा हिशेब चुकतो, म्हणून ते मांडताना डोक्यात दुसरे काहीच चालत नाही, आणि खरे सांगायचे तर मला रांगोळीत सर्वांत जास्त गोडी त्याच वेळाची आहे.

काही वर्षांपूर्वी पुतणीने माझ्या एका रांगोळीचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. तो पुष्कळ जणांनी पाहिला, ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन आले, आणि ते कौतुक मला आवडले हे नाकारण्यात अर्थ नाही. मग स्टँड आला, मोबाइल वरून धरणारी दांडी आली, गोल दिवा आला. हळूहळू रांगोळीचे रूपच पालटत गेले. पांढऱ्या रेषेपेक्षा भरलेला रंग कॅमेऱ्यात उठून दिसतो, म्हणून रंग वाढले. ठिपके मांडतानाचा भाग कोणी पाहत नाही, म्हणून ठिपक्यांच्या रांगोळ्या मागे पडून मुक्तहस्त फुलेपाने आली. चातुर्मासातली गोपद्मे मी तुळशीपुढे अजूनही काढते, पण ती उरकल्यासारखी.

सर्वांत खटकले ते चैत्रांगणाच्या वेळी. चैत्रगौर बसल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आम्ही चैत्रांगण काढतो: मध्ये झोक्यावर गौर, वर सूर्य-चंद्र, आणि भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, हत्ती, नाग, कासव, फणी, करंडा, आरसा. ही रांगोळी आडवी पसरत जाते. मोबाइलच्या उभ्या चौकटीत हत्ती घ्यावा तर वृंदावन तुटते, आणि सगळेच घ्यावे तर फणी कोणती आणि करंडा कोणता हे कळत नाही. यंदा मी ते आटोपशीर काढले. सासूबाई बाहेर आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “कासव कुठे गेलं गं?” कासव चौकटीबाहेर जात होते, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तर प्रश्न असा: मोबाइल बाजूला ठेवून देणे हाच यावर उपाय आहे का? आणि कोणालाही न दाखवता केलेले काम तेवढेच खरे, असे म्हणावे तर मैफली, प्रदर्शने, दिवाळी अंक यांचे काय करायचे?

उभी_आडवी (पुणे):

मी व्हिडिओ संकलनाचे काम करतो, त्यामुळे तुमच्या अडचणीचा यांत्रिक भाग तेवढा सांगू शकतो. २९ जून २०२० रोजी आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. तिथे प्रमाण नऊ रुंदीला सोळा उंची असे ठरून गेलेले आहे. पाहणाऱ्याचा अंगठा पडद्यावर टेकलेलाच असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही डोळ्यांत भरले नाही तर तो पुढे जातो. म्हणून आम्ही संकलक पूर्ण झालेली कलाकृती आधी दाखवतो आणि ती घडण्याचा भाग नंतर पळवत नेतो. कात्री सर्वांत आधी चालते ती जिथे हात थांबतो, डोळा अंदाज घेतो, रेष परत मागे येते अशा जागांवर. तुम्हाला ज्या वेळाची गोडी आहे असे तुम्ही लिहिले आहे, नेमका तोच वेळ आमच्या धंद्यात टाकाऊ ठरतो.

माझी सूचना साधी आहे. चित्रीकरण सोडा, रांगोळी पूर्ण झाल्यावर एक छायाचित्र घ्या, तेही आडवे. कमी लोक पाहतील, पण कासव चौकटीत राहील. आवडल्याचे आकडे लपवण्याची सोय मे २०२१ पासून आहे, मात्र तिचा फार उपयोग होईल असे मला वाटत नाही. आकडा झाकला म्हणून तो किती असेल हा विचार थांबत नाही.

खडू_फळा (नाशिक):

ताई, आपण विचारलेल्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. मी तो अध्यापक विद्यालयात दरवर्षी शिकवतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. मुले तीन ते पाच वर्षांची होती आणि मुद्दाम अशीच निवडलेली होती की ज्यांना स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडत असे. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितले नाही, पण चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्या गटाला ना काही सांगितले, ना काही दिले. एक-दोन आठवड्यांनी वर्गातल्या मोकळ्या वेळात स्केचपेन पुन्हा मांडून ठेवले आणि कोण किती वेळ त्यांच्याशी रमते हे पलीकडून, मुलांच्या नकळत, पाहिले. ज्यांना बक्षिसाचे आधी सांगितले होते ती मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. एवढेच नव्हे, बक्षिसाच्या वेळी त्यांनी काढलेली चित्रेही परीक्षकांना डावी वाटली.

मला यातला दुसरा गट सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक विसरतात. त्या मुलांनाही तेच प्रशस्तिपत्र मिळाले होते, तरी त्यांची गोडी घटली नाही. म्हणजे कौतुकाने घात केला असे म्हणता येत नाही; चित्र काढायला बसण्याआधीच कौतुक समोर येऊन बसले होते, त्याने घात केला. हा परिणाम कोणत्या कामात आणि किती टिकतो यावर पुढे संशोधकांत पुष्कळ वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु शिक्षक म्हणून मला त्याचा प्रत्यय येतो. आपल्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झाले की दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळाल्यावर रंगपेटी माळ्यावर टाकणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली काही आधी वहीच्या शेवटच्या पानांवर तास बुडवून चित्रे काढणारी होती.

पुतणीने पहिला व्हिडिओ काढला तेव्हा आपण दुसऱ्या गटात होतात. दांडी आणि गोल दिवा आल्यावर पहिल्या गटात गेलात. मोबाइल ठेवायचा की नाही हा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. आज कोणती रांगोळी काढायची हे ठरत असताना तो समोर असतो की नसतो, एवढेच पाहावे.

गेरू (डोंबिवली):

वरची चर्चा वाचली आणि थोडे कडू लिहावेसे वाटले, क्षमस्व. मी लग्नकार्ये, दुकानांची उद्घाटने आणि सोसायट्यांचे कार्यक्रम यांसाठी रांगोळ्या काढते आणि त्यावर माझे घर चालते. सुपारी येते ती माझे व्हिडिओ पाहूनच. ‘स्वतःच्या आनंदासाठी कला’ हे बोलणे ज्यांचे पोट दुसऱ्या कशावर तरी भरते त्यांना सोपे जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की, आपण सगळे जुन्या अंगणाला जरा जास्तच सोवळे ठरवतो आहोत. सडा-रांगोळी हे सुनेचे काम होते. ते झाले की नाही आणि कसे झाले, हे आळीतल्या दहा बायका येताजाता पाहत आणि बोलून दाखवत. त्यांच्या नजरेपेक्षा अनोळखी माणसाचा अंगठा मला पुष्कळ सौम्य वाटतो. आणि दाखवण्यासाठीची रांगोळी मोबाइलने आणलेली नाही. दिवाळीत हॉल घेऊन व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्यांची प्रदर्शने भरतात, ती माझ्या लहानपणीही भरत. आमच्याकडे १९९९ पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते, तेव्हा पहाटेच्या आधी रस्त्यावर पाच बोटांनी मोठाली वर्तुळे फिरवणाऱ्या मुली काय स्वतःपुरते काढत असतात? वारीत पालखीच्या वाटेवर पायघड्या घालणारे तर ती रांगोळी तुडवली जावी म्हणूनच काढतात. पाहणारा डोक्यात असला की काम खोटे होते, हे मला मान्य नाही.

खडू-फळा सरांचा प्रयोग छान आहे, पण त्या मुलांना भाडे भरायचे नव्हते.

दळण (जुन्नर):

गेरू ताईंचा राग समजण्यासारखा आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण सक्तीच्या कामाच्या पोटातही स्वतःची जागा करता येते, याचे फार मोठे उदाहरण आपल्या भाषेत आहे, आणि त्याचा पुरावा योगायोगाने आज इंटरनेटवरच आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी, बायकांच्या सोबतीने, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक आहेत. गाणारीचे नाव आणि गाव यांसह त्या नोंदवलेल्या आहेत, पुष्कळशा ध्वनिमुद्रितही आहेत, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने वाचता-ऐकता येऊ लागल्या. दळण हे काम कोणी हौसेने करीत नव्हते. कोंबडा आरवण्याआधी उठून घरादाराचे पीठ काढणे हा बाईच्या वाट्याचा कष्ट होता आणि त्या कष्टाचे, सासरच्या जाचाचे रडगाणे त्या ओव्यांत भरभरून आहे. पण दळण सक्तीचे असले तरी ओवी सक्तीची नव्हती. ती नाही म्हटली तरी पीठ पडतच होते. कोणी मागितली नव्हती, कोणी मोजणार नव्हते, तिला बिदागी नव्हती. तरीही एक लाख!

आता ‘स्वतःसाठी’ या गोष्टीकडे पाहू. ओवी एकटीची होती का? जात्याच्या पलीकडच्या बाजूला बहुधा दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असे, आणि ओवीत तर कोणाला ना कोणाला हाक असतेच: भावाला, आईला, लेकीला, विठ्ठलाला, कधी खुद्द जात्याला ईश्वर मानून त्यालाच. ऐकणारा नव्हता असे मुळीच नाही, पण तो कोण हे गाणारी ठरवत असे. आळीतल्या दहा बायकांची जी नजर गेरू ताईंनी सांगितली ती लादलेली होती. ओवीतला भाऊ बाईने स्वतः बोलावलेला होता. मोबाइलच्या पडद्याआड हजार माणसे असतात आणि त्यांतले एकही आपण निवडलेले नसते, मला फरक दिसतो तो इथे.

आणखी एक. माझ्या आजीला नुसते बसून ओव्या आठवत नसत. सांगायला बसली की दोन कडव्यांत गाडी अडायची; हाताला जात्याचा खुंटा लागला की एकीतून दुसरी निघत जायची. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा कष्ट वाचले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आजीनेही. मला त्या गिरणीविषयी तक्रार करायची नाही. पण ओवी सुचण्याची जागाच त्यासोबत गेली, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. तेरा-ते-सात ताईंनी ठिपके मांडण्याविषयी जे लिहिले ते वाचून मला हीच धास्ती वाटली: पुढे रांगोळी राहील, ती सुंदरही असेल, पण ज्या वेळात ती सुचत होती तो वेळ निघून गेलेला असेल.

तेरा_ते_सात (सांगली):

सर्वांचे मनापासून आभार. गेरू ताई, तुमचे बोलणे कडू नाही, खरे आहे. माझे घर रांगोळीवर चालत नाही, म्हणून मला हा प्रश्न पडण्याची चैन परवडते, हे मला मान्य आहे.

दळण यांनी ऐकणाऱ्याच्या निवडीविषयी जे लिहिले त्यावर मी पुष्कळ विचार केला. माझी रांगोळी रोज पाहणारी खरी माणसे मोजकीच आहेत: सासूबाई, दूधवाला, समोरच्या घरातली सातवीतली मुलगी. ती मुलगी येऊन ठिपके मोजते आणि एखादा वाकडा असला तर बोट ठेवून दाखवते. हजारो अनोळखी लोकांनी ‘सुंदर’ लिहिले, पण ठिपका सरकला आहे असे त्यांतल्या एकालाही दिसले नाही.

सध्या मी असे ठरवले आहे की दारातली रांगोळी मोबाइलविना काढायची. पुतणीला व्हिडिओ हवाच असेल तर रविवारी दुपारी पाटावर वेगळी रांगोळी काढायची आणि ती केवळ तेवढ्यासाठीच आहे हे आधीच मान्य करायचे. पण नवी शंका अशी की आता तर म्हणे चार शब्द लिहिले की संगणक हव्या तितक्या रांगोळ्या काढून देतो. पुतणीने तशा दाखवल्याही. काही खरोखरच देखण्या होत्या. मग हाताने काढण्याला काय अर्थ उरतो?

तंजावरकर (चेन्नई):

आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहणारे मराठी आहे, त्यामुळे घरात रांगोळी आणि कोलम (तमिळ पद्धतीची रांगोळी) दोन्ही चालतात. संगणकाविषयीच्या शंकेपुरते लिहितो, कारण माझा व्यवसाय तोच आहे.

नक्षी काढून देणारा संगणक ही आजची गोष्ट नव्हे. इथल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्येच कोलमचे व्याकरण मांडले. भाषेत जसे थोड्या नियमांतून अगणित वाक्ये होतात तसे ठिपके आणि वळणे यांच्या थोड्या नियमांतून अगणित कोलम तयार करता येतात, हे त्यांनी गणिताने दाखवले, आणि संगणकशास्त्रात तो विषय आजही शिकला जातो. म्हणजे ‘नव्या नक्षीचा तुटवडा’ ही अडचण पन्नास वर्षांपूर्वीच मिटली आहे. तरीसुद्धा मार्गळी महिन्यात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, आमच्या गल्लीत पहाटे दारोदार बायका वाकलेल्या दिसतातच. त्यांतल्या एकीलाही नक्षी कमी पडली म्हणून ती वाकलेली नसते.

मी स्वतः वेटोळ्यांचे कोलम काढतो. पुरुषाने काढले म्हणून लोक हसतात, हसू देत. अशा कोलमात रेष ठिपक्यांना न छेदता त्यांच्या भोवतीने फिरत फिरत जिथून निघाली तिथे परत यावी लागते. संगणकाला हे क्षणात जमते. मला जमत नाही, मध्येच रेष भलत्या ठिपक्याकडे वळते, आणि आता बाकीचे कोलम तिला सामावून कसे घ्यायचे या विवंचनेत माझी सकाळ मजेत जाते. ती विवंचनाच मला हवी असते. संगणक मला तेवढी सोडून बाकी सगळे देतो. आपल्या दूधवाल्याला कदाचित काही फरक पडणार नाही, पण समोरच्या मुलीला नक्की पडेल, कारण संगणकाचा ठिपका कधी सरकत नाही.

गेरू (डोंबिवली):

ताई, दारातली वेगळी आणि रविवारची वेगळी ही वाटणी मला पटली. मीही जवळपास तसेच करते. सुपारीच्या रांगोळ्या ठरलेल्या आठ-दहा नक्षींतून निघतात, कारण गिऱ्हाईक व्हिडिओत पाहिलेलीच मागते. माझ्या स्वतःच्या गॅलरीत मी कधीकधी रात्री उशिरा एखादी काढते, तिचा फोटोसुद्धा नसतो.

एका बाबतीत मात्र सावध करते. ‘ती केवळ व्हिडिओसाठी आहे’ असे म्हणून रविवारच्या पाटाला उरलेसुरले देऊ नका. मी सुरुवातीला तसे करणाऱ्या मुलींबरोबर काम केले आहे. वर्षभरात त्यांचा घरचा हातही ढिला पडतो, कारण बोटांना कोणती रेष कोणासाठी हे कळत नाही. पाटावर ठिपक्यांचीच रांगोळी काढा, आणि ठिपके मांडण्याचा भाग पुतणीला कापू देऊ नका. पाहणारे निम्मे होतील. जे थांबतील त्यांतली एखादी तुम्हाला ठिपका सरकल्याचे सांगेलही.